आमच्या घरचं कुलूप

१२ फेब्रुवारी, गुरुवार. हवा कोरडी. दूध उशिरा आलं. भाची उजाडायच्या आत कामावर गेली, चहासुद्धा न घेता. उशांच्या खोळी धुतल्या, दुपारपर्यंत वाळल्या. ह्यांचा फोन सकाळपासून सारखा वाजतो आहे. पहिला मेसेज भाचीचा, नेहमीचाच. त्यानंतरचे सगळे तिच्या हॉस्पिटलकडून, आणि सगळे परक्या माणसांच्या नावाने. तिला काही सांगितलं नाही. फोन पिठाच्या डब्यात ठेवला.

त्या दिवशी मी एवढंच लिहिलं. का सांगितलं नाही, ते लिहिलं नाही. ते आता सविस्तर सांगते, कारण त्याशिवाय माझी भाची कशी आहे हे कुणाला कळायचं नाही.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा फोन त्यांच्या टेबलाच्या वरच्या खणात असतो. दर रविवारी मी तो चार्ज करते आणि मुदत संपत आली की कोपऱ्यावरच्या वाण्याकडून त्याचं रिचार्ज करून घेते. हे कुणाला ठाऊक नव्हतं. बँकेची खाती बंद केली तेव्हाच मी नंबरही बंद केला, असं भाची समजून होती. मी तिला तसं समजू दिलं होतं.

गुरुवारी सकाळी खणातून घरघर ऐकू आली. भाचीच्या मेसेजपाठोपाठ आलेला पहिलाच मेसेज असा होता: कुणा एका बाईंचं नाव, आणि पुढे, ‘आपली प्रसूतिपूर्व तपासणी उद्या सकाळी आहे, कृपया वेळेवर यावे.’ क्षणभर मी ह्यांच्या फोटोकडे पाहिलं. ज्या माणसाला बायकोच्या चपलेचं माप विचारलं तर तो दाराबाहेर जाऊन चप्पल उलटी करून बघून येत असे, त्याच्याबद्दल असला संशय घेणं म्हणजे त्याला फुकटची बढती देण्यासारखं होतं. तरी घेतला. मग दुसरा मेसेज आला तो मुतखड्याचा, तिसरा दाताचा, मग कानाचा, मग डोळ्याच्या थेंबांचा. प्रत्येकावर वेगळं नाव. ह्यांची सुटका झाली. पण खाली हॉस्पिटलचं नाव होतं, आणि ते हॉस्पिटल म्हणजे माझी भाची जिथे काम करते ते. तिथे माझ्या मनात जी पाल चुकचुकली ती दोन दिवस गप्प बसली नाही.

भाची माझ्या धाकट्या बहिणीची थोरली मुलगी. कॉलेजसाठी म्हणून आमच्याकडे आली ती राहिलीच. आता चाळिशी ओलांडली आहे. आम्हाला मूलबाळ नव्हतं, आणि असतं तरी तिच्याइतकं घरात मुरलं असतं की नाही, शंका आहे. घरात तिला कुलूप म्हणतात. हे नाव ह्यांनी ठेवलं. आम्ही कुठे निघालो, रिक्षात बसलो, रिक्षा सुरू झाली की ही म्हणायची, “काका, एक मिनिट, मी आलेच.” आणि वर जाऊन कुलूप ओढून बघून यायची. एकदा तेवढ्यापायी आमची बस चुकली. हे रागावले नाहीत. म्हणाले, “आपल्या घराला दोन कुलपं आहेत. एक दाराला लागतं, दुसरं आपल्याबरोबर फिरतं.”

पुढे ती नोकरीला लागली आणि हे निवृत्त झाले. तेव्हापासून दुपारचा चहा झाला की हे तिला एका शब्दाचा मेसेज पाठवत: ‘कुलूप?’ ती कामावरून उत्तर द्यायची: ‘लागलं.’ हे घरात बसलेले, दार सताड उघडं, आणि दोघांचा हा खेळ वर्षानुवर्षं चाललेला. लग्नासाठी स्थळं आली. एका मुलाला तिने विचारलं, “तुमच्या घराची दुसरी किल्ली कुणाकडे असते?” तो हसला. ही हसली नाही. तिथेच ते संपलं.

हॉस्पिटलच्या संगणक विभागात तिचं काम काय, हे समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. तिथे एकसारख्या दोन सिस्टीम आहेत. एक खरी, लाइव्ह म्हणतात ती. पेशंटची नोंदणी, रिपोर्ट, औषधं, सगळं तिच्यावर चालतं. दुसरी टेस्टची. नवीन काही करायचं असेल तर आधी तिथे करून बघायचं, म्हणजे बिघडलं तरी कुणा आजाऱ्याचं नुकसान नको. मी तिला तालीम म्हणते. पण तालमीतसुद्धा माणसं खऱ्यासारखी लागतात. म्हणून दर काही महिन्यांनी लाइव्हमधली ताजी माहिती तालमीत आणायची असते. पूर्वी ती सगळी उतरवून घ्यावी लागायची आणि तोवर अख्खं हॉस्पिटल गोगलगाईसारखं चालायचं. आता ते स्नॅपशॉटने होतं.

“स्नॅपशॉट म्हणजे फोटो ना गं?” मी विचारलं होतं.

“फोटो नाही. मावशी, तू डायरीत खाडाखोड करतेस का?”

“कधीच नाही.”

ते तिला माहीत होतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी वर्गात खोडरबर येऊ दिलं नाही. चुकलं तर चुकलेलं तसंच ठेवायचं, खाली नव्याने बरोबर लिहायचं आणि तारीख घालायची. मी आजतागायत तेच करते.

“मग झालं. आमचं स्टोरेजही तुझ्या सिस्टरांकडेच शिकलंय असं समज,” ती म्हणाली. “मी एका क्षणी सांगते, इथवरची पानं आता कुणी खोडायची नाहीत. त्यानंतर लाइव्हमध्ये जे बदलतं ते नव्या पानावर जातं, जुनी पानं तशीच राहतात. ती जुनी पानं मी तालमीला वाचायला देते. तिला वाटतं, अख्खी वही आपलीच. काही उतरवून काढावं लागत नाही. डोळ्याचं पातं लवेपर्यंत होऊन जातं.”

“मग तू दिवसभर तिथे करतेस काय?”

“कुलपं लावते.”

आणि तेही तिने समजावलं. त्या प्रतीला आपण नक्कल आहोत हे कळत नाही. ती जागी झाली की खऱ्या हॉस्पिटलसारखी कामाला लागते, लोकांना मेसेज पाठवायला जाते, औषधं मागवायला जाते. म्हणून ती जागी व्हायच्या आत भाची तिची नावं पत्त्यांसारखी पिसते. ह्याचं नाव, त्याचा आजार, तिसऱ्याचं वय. सगळ्यांचे फोन नंबर काढून तिथे एकच नंबर घालते. मेसेज बाहेर जायची वाट बंद करते. एवढं झालं की मगच प्रत तपासणाऱ्यांच्या हाती. तो एक नंबर कुणाचा, हे मात्र तिने मला सांगितलं नव्हतं.

हे सगळं मला ठाऊक असताना मी तिच्यावर संशय का घेतला, त्याला शेजारच्या शिंपीभाऊजींचा गुडघा कारण झाला.

दोन आठवड्यांपूर्वी भाऊजी जिन्यात थांबले. म्हणाले, “वहिनी, माझा डावा गुडघा कुणाकुणाला माहीत आहे?”

“मला, तुमच्या बायकोला, आणि या जिन्यावरून जो जाईल त्याला. तुम्हीच सांगत असता.”

“थट्टा नको. काल कुठल्याशा पट्ट्याच्या कंपनीतून बाईचा फोन आला. म्हणे, काका, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले ना, आता आमचा पट्टा बांधा. माझं नाव, गुडघा, डॉक्टर, सगळं बरोबर. तिला सांगितलं कुणी?”

“पट्टा घेतलात का?”

“घेतला. चांगला आहे. पण मुद्दा तो नाही.” मग आवाज उतरवून ते म्हणाले, “मी हॉस्पिटलात तक्रार दिलीय. माझ्यासारखे बरेच निघाले तिथे. कुणीतरी आतलाच माणूस माहिती विकतोय म्हणतात. तुमच्या तर घरातच आहे की हॉस्पिटलची किल्ली. विचारा जरा.”

बोलताना हसत होते, पण नजर आमच्या दाराशी काढलेल्या भाचीच्या चपलांवर होती.

मी विचारलं. भाची म्हणाली, “हो, तक्रारी आल्यात. चौकशी चाललीय. बाहेरून एक तपासनीस बाई नेमल्यात.” एवढं म्हणून ताटावरून उठली. त्या दिवसापासून ती फोन आला की गॅलरीत जाऊन दार ओढून घेऊ लागली. ज्या माणसाने आयुष्यभर फक्त बाहेरची दारं बंद केली, त्याने घरातलं दार बंद केलं की कान टवकारतातच. गुरुवारच्या आधी दोन दिवस, संध्याकाळी, मी गॅलरीलगतच्या खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होते. ती बोलत होती, “हो साहेब. जुनी प्रत काढून टाकायची, कळलं. त्या बाई यायच्या आत. नाही, कुणाला बोलत नाही.”

घडी चुकली. मी ती पुन्हा घातली. कुठेतरी पाणी मुरत होतं हे नक्की, फक्त ते आमच्याच भिंतीत मुरतंय की काय, हे कळत नव्हतं.

आता गुरुवारची सकाळ बघा. पहिला मेसेज भाचीचा होता असं मी लिहिलं आहे. त्यात एकच शब्द होता: ‘लागलं.’ हे गेल्यापासून ती असे मेसेज अधूनमधून पाठवत असे, काही महिन्यांतून एकदा. तिच्या मते बंद असलेल्या नंबरावर. मी ते वाचत असे आणि फोन परत खणात ठेवत असे. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. पण त्या गुरुवारी ‘लागलं’ म्हटल्यावर लगेच लोकांच्या आजारांची रांग लागली, आणि तो शब्द मला खुणेसारखा वाटू लागला. कुणासाठी खूण? माल पोचल्याची? ज्या शब्दासाठी मी तीन वर्षं तो फोन जिवंत ठेवला, त्याच शब्दाकडे मी चष्मा पुसून पुसून चोराच्या चिठ्ठीसारखी बघत बसले. खण तिला उघडायची सवय होती, पट्टी, कात्री तिथेच असायची. म्हणून फोन उचलला, रुमालात गुंडाळला आणि पिठाच्या डब्यात खाली खुपसला.

रात्रीच्या जेवणाला ती नेहमीसारखीच बसली.

“झालं का काम?” मी विचारलं.

“झालं. सकाळीच लागलं सगळं.”

“काय लागलं?”

“कुलूप गं, दुसरं काय?” ती पोटभर जेवत होती. एक तर मन साफ होतं, नाहीतर सराव दांडगा होता. मी म्हटलं, “तुमची ती तालीम लोकांना कधी मेसेज पाठवते का?”

तिचा घास हातातच राहिला. “का?”

“सहज.”

“सहज तू काही विचारत नाहीस, मावशी.”

मग आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता एकमेकींवर लक्ष ठेवून जेवलो. उठताना ती म्हणाली, “पिठाचा डबा खाली का ठेवलायस?”

“फळीवर मुंग्या झाल्यात.”

शुक्रवारभर डबा थांबून थांबून गुरगुरत होता. पोळ्या करायची सोय नव्हती, मी भातावर भागवलं. दुपारनंतर गुरगुर एकदम थांबली. त्या शांततेचाही मी संशय घेतला.

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात भाची, तिच्यामागे तिचे साहेब आणि त्या तपासनीस बाई. साहेब उंच, सेंटचा वास, माझ्याकडे बघून आपल्याच घरी आल्यासारखे हसणारे. बाई बुटक्या, खांद्याला कापडी पिशवी, पाण्याची बाटली स्वतःची. भाचीचा चेहरा कागदासारखा झाला होता.

“काकू, घाबरायचं काही कारण नाही,” साहेब म्हणाले.

“मी घाबरले नाही. बसा.”

बाई बसल्याबरोबर म्हणाल्या, “आजी, तुमच्या यजमानांचा नंबर चालू आहे?”

आजी हे मला आवडलं नाही, त्यांचेही केस पांढरेच होते. पण मी काही बोलायच्या आत भाची म्हणाली, “मी सांगितलं ना तुम्हाला. तीन वर्षांपूर्वी बंद केला तो. म्हणून तर मी तो घातला. तिथे उचलणारं कुणी नाही, म्हणून.”

आता कळलं, तालमीत सगळ्या पेशंटच्या नंबरांच्या जागी जो एक नंबर असतो तो कुणाचा. मी तिच्याकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

बाईंनी मला नीट सांगितलं. “टेस्ट सिस्टीममधून मेसेज बाहेर जाता कामा नयेत. गुरुवारी गेले. हिनेच शुक्रवारी दुपारी ते पकडलं, बंद केलं आणि कळवलं, हे खरं. पण मोबाइल कंपनी म्हणते, सगळे मेसेज पोचले. बंद नंबरावर मेसेज पोचत नाहीत, आजी. म्हणजे हॉस्पिटलची माहिती कुणाच्या तरी हातात गेली. पेशंटना फोन येताहेत हे तुम्ही ऐकलं असेलच. आम्ही जी वाट शोधतोय ती हीच नाही ना, एवढंच मला बघायचंय.”

“तीच असली तर?”

“तर नोकरी जाईल,” साहेब म्हणाले. “आणि प्रकरण पोलिसात.”

मी म्हणू शकत होते, फोन केव्हाच मोडीत दिला. कुणी डबे उपसून बघणार नव्हतं. पण आत काय आहे हे मला माहीत होतं, आणि ते भाचीला बुडवणारं आहे की तारणारं, हे माहीत नव्हतं. दोन दिवस मी तिच्याविरुद्धच पुरावा जमवत होते, आणि आता तो माझ्याच हातून द्यायची वेळ आली तर मी चहा टाकू का विचारलं.

बाई पिशवीतून चष्मा शोधत होत्या. तेवढ्यात साहेब माझ्याकडे वाकले आणि अगदी हळू म्हणाले, “काकू, फोन असेल तर माझ्याकडे द्या. मी सगळं पुसून टाकतो, मग दाखवू. पोरीचं नुकसान कशाला?”

किती प्रेमाने म्हणाले. मला आमच्या वर्गात चोरून खोडरबर आणणाऱ्या पोरी आठवल्या. त्या मधल्या सुट्टीत सगळ्यांना रबर वापरायला द्यायच्या, आणि ते कुणाच्या वहीवर सर्वांत जास्त झिजलंय हे कुणी विचारलं नाही. पुसायची एवढी घाई साहेबांना का? पोरीसाठी? दोन दिवस भाचीवर रोखलेली माझी नजर तिथल्या तिथे वळली.

“आमच्या घरात पुसायची पद्धत नाही,” मी मोठ्याने म्हटलं. बाईंनी वर बघितलं. मी आत गेले, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि डबा ओढला.

रुमाल सुटला होता. फोन पांढराफटक निघाला. मी तो तसाच बाहेर नेऊन बाईंच्या हातावर ठेवला.

“पिठात?” भाची म्हणाली. एवढंच. पण ज्या आवाजात म्हणाली तो मला अजून ऐकू येतो.

बाईंनी फोन झटकला. त्यांच्या साडीवर पीठ पडलं, त्याकडे लक्ष दिलं नाही. एकेक मेसेज वाचू लागल्या. एका ठिकाणी थांबल्या. “ह्या गृहस्थांना ओळखता?”

नाव शिंपीभाऊजींचं होतं. “शेजारी आहेत,” मी म्हटलं. “शिंपी.”

“ह्यांना सोनोग्राफीला बोलावलंय. पाचवा महिना.”

“त्यांचा गुडघा आहे हो. डावा.”

“माहीत आहे. त्यांची तक्रार माझ्याकडेच आहे.” बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्या पुढे वाचत गेल्या. तक्रार केलेल्यांची आणखी काही नावं त्यांना सापडली. एक आजोबा स्त्रीरोग विभागात, एक कॉलेजची मुलगी कवळीसाठी. मग त्यांनी आणखी एक नाव वाचलं. ह्यांचं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. ह्यांना पोलिओचा डोस घ्यायला बालरोग विभागात बोलावलं होतं, आईला सोबत घेऊन.

मला हसू आलं, आणि मग डोळे पुसावे लागले. भाचीनेही पुसले.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “ज्यांना फोन आले त्यांना बरोबर नावाने आणि बरोबर आजाराने आले. ह्यात मला एकही जोडी बरोबर दिसत नाही. हिने पत्ते पिसले होते. हा माल कुणी विकत घेणार नाही. तुमची गळती दुसरीकडे आहे.”

साहेब म्हणाले, “पण मेसेज बाहेर गेले हे तर खरं. ते हिने मुद्दाम सोडले नाहीत कशावरून?”

बाईंनी अंगठ्याने मजकूर वर सरकवला. गर्भवती, मुतखडे, दात, सगळे मागे गेले, मग त्यांनी भाचीच्या नावाचे मेसेज उघडले, आणि गुरुवारचा पहिला मेसेज आला. ‘लागलं.’ त्याच्यावर काही महिन्यांपूर्वीचा, ‘लागलं.’ त्याच्यावर आणखी एक. असं करत करत बाई तीन वर्षं मागे गेल्या, तिथे ह्यांचा शेवटचा ‘कुलूप?’ होता.

“हे काय आहे?”

मग मीच सांगितलं. चहा, दुपार, उघडं दार, सगळं. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

“म्हणजे प्रत आणून झाली, सगळं बंद केलं, की तू हा पाठवायचीस,” त्या भाचीला म्हणाल्या.

“हो. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.”

“मग मेसेज सुटले कसे?”

“गेल्या महिन्यात लाइव्हला मेसेज पाठवायची नवी वाट केली. जुनी तशीच राहिली होती. स्नॅपशॉटमध्ये दोन्ही आल्या. मी दर वेळेसारखी जुनी बंद केली. नवं दार झाल्याचं मला कुणी कळवलंच नव्हतं.”

“कुणी कळवायचं होतं?”

साहेबांनी घड्याळ बघितलं.

मग बाईंनी तिला चांगलीच झापली. बाहेरचा नंबर घालायचाच नाही. बंद केलेले नंबर कंपनी दुसऱ्याला देते, उद्या तो कुणाही अनोळखी माणसाच्या हातात असता. आणि पिसली तरी नावं खरी ती खरीच, ती बनावट घालायची. “तुझं नशीब, म्हणून तो तुझ्या मावशीच्या पिठात होता.” भाचीने सगळं ऐकून घेतलं. “चुकलंच माझं,” म्हणाली.

मेसेजचे फोटो काढून घेऊन बाईंनी फोन मला परत दिला आणि उठता उठता विचारलं, “डिसेंबरचा लाइव्हचा स्नॅपशॉट आहे का अजून? लाइव्हमधून मधल्या काळात काही खोडलं गेलंय का, ते मला त्याच्याशी ताडून बघायचंय.”

“तो काढून टाकला,” साहेब पटकन म्हणाले. “जागा होत नव्हती.”

“नाही साहेब,” भाची म्हणाली. “तुम्ही परवा फोनवर काढायला सांगितलात. पण चौकशी चालू असताना काढायचा नसतो. आहे तो. कुणाला काढता येऊ नये म्हणून कुलूप लावून ठेवलंय.”

साहेबांनी सेंटचा रुमाल काढून कपाळ पुसलं. आमच्या खोलीत गरम होत नव्हतं.

ती दोघं गेल्यावर भाचीने दार लावलं. मग म्हणाली, “फोन कुणापासून लपवला होतास?”

“मुंग्यांपासून.”

“मावशी.”

“तुझ्यापासून,” मी म्हटलं. “मला वाटलं, तूच.”

ती खाली बसली. ह्यांच्या खुर्चीत, जिथे ती सहसा बसत नाही. मी तिला पाणी दिलं. ते तिने घेतलं, पण प्यायली नाही.

“नंबर बंद केलास असं का सांगितलंस?”

“सांगितलं नाही. तू विचारलं नाहीस.”

“चालू का ठेवलास?”

“तुझे मेसेज येत होते,” मी म्हटलं.

ती उठली, दाराशी गेली, कडी ओढून बघितली आणि परत आली. ताट वाढ म्हणाली. अजून माफ केलं आहे की नाही, मला ठाऊक नाही. त्यानंतर महिनाभर ती गॅलरीत बोलायला गेली की दार मुद्दाम उघडं ठेवायची, आणि ते मला बंद दारापेक्षा जास्त टोचायचं.

तिला ताकीद देणारं पत्र मिळालं, ते तिने कपाटात घडी करून ठेवलं. नोकरी राहिली. तालमीत आता विभागाचाच एक नंबर आहे आणि नावं सगळी बनावट. साहेब रजेवर गेले ते अजून रजेवरच आहेत. भाऊजींना पट्टेवाल्या बाईचा फोन पुन्हा आला नाही, त्याचं त्यांना थोडं वाईट वाटतं. साहेबांविरुद्ध काही सिद्ध झालेलं नाही आणि भाची मला त्यांच्याबद्दल अवाक्षर काढू देत नाही. “संशय म्हणजे पुरावा नव्हे,” म्हणते. हे मला ऐकवायचा तिला पूर्ण हक्क आहे. तरी साहेबांचा तो सेंटचा रुमाल काही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार. हवा कोरडी. संध्याकाळी भाचीच्या ऑफिसातले दोघे येऊन गेले, चहा घेतला नाही. ह्यांचा फोन पुसून खणात ठेवला, चार्जिंग उद्या. पीठ चाळून बघितलं, रुमालाचे धागे निघाले म्हणून टाकून दिलं. डबा घासून ओट्यावर पालथा घातला.